ओल्या केळीच्या पानातल्या कळ्या

माझ्या नोकरीचा पहिला नियम असा होता, की आपले हात घाण आहेत हे कायम ध्यानात ठेवायचं.

सेलीनमॅडमनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं तेव्हा माझा चेहरा उतरला आणि हात आपोआप पदराखाली गेले. त्यांच्या ते लक्षात आलं. "तुझेच नव्हे गं," त्या म्हणाल्या, "माझेही. आमच्या चर्चमधल्या फादरांचेसुद्धा."

मग त्यांनी समजावलं. माणसाच्या कातडीवर, घामात, थुंकीत एक पदार्थ असतो. डोळ्यांना दिसत नाही, साबणानं पुरता जात नाही, पाण्यात उकळला तरी मरत नाही. आपल्याला त्याचा काही त्रास नाही. पण प्रत्येक जिवाच्या पेशीत आरएनए नावाचा एक नाजूक धागा असतो, त्याला हा पदार्थ लागला की खाऊन टाकतो. मॅडमचं सगळं आयुष्य त्या धाग्यावर गेलेलं. म्हणजे त्यांच्या कामाचा वैरी माझ्या बोटांवर बसलेला, आणि त्या मलाच बाटल्या धुवायला ठेवून घेत होत्या.

मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. माझं गाव हिंगोलीच्या पुढे, कयाधू नदीच्या कडेला. लग्न होऊन विरारला आले, चंदनसारला एका खोलीत संसार मांडला. आमचे हे रिक्षा चालवतात. मी आधी वसई पूर्वेच्या एका गाळ्यात बायकांच्या, पोरांच्या कपड्यांचे सुटे धागे कापायची. तो गाळा बंद पडला तेव्हा ठेकेदारानं मला वसईतल्या एका कॉलेजात झाडलोटीला पाठवलं. तिथे तिसऱ्या मजल्यावर मॅडमची प्रयोगशाळा. एकदा सिंकमध्ये कुणीतरी ठेवून गेलेला काचेचा चंबू मी धुतला. मॅडम मागे उभ्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

"सात वेळा का धुतलास तो?"

मी घाबरून खरं तेच बोलले. "भीती वाटते म्हणून. राहून गेलं काही तर?"

"कुणाची भीती?"

"कुणाची असं नाही. अशीच. लहानपणापासून."

त्यांनी चंबू उजेडाकडे धरून बघितला. "मला अशीच घाबरट बाई पाहिजे होती," त्या म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून मी झाडू ठेवला आणि लॅब अटेंडंट झाले. लोकांना त्यांच्या धिटाईवर नोकऱ्या मिळतात, मला भित्रेपणावर मिळाली. काचेची भांडी धुऊन भट्टीत भाजायची, पाण्यात औषध घालून ते मोठ्या कुकरसारख्या यंत्रातून काढायचं, नळ्यांवर नंबर घालायचे, दर थोड्या वेळानं हातमोजे बदलायचे. आमच्या गावाकडे सोवळं पाळणाऱ्या म्हाताऱ्या असत. त्यांनी मॅडमची लॅब बघितली असती तर हात टेकले असते.

आता त्या लॅबमध्ये चालायचं काय ते सांगते. मला समजलं तसं सांगते, चूक असेल तर ती माझी.

डीएनए म्हणजे मूळ पोथी. ती कपाटातून बाहेर येत नाही. जे पान लागेल त्याची नक्कल निघते, ती आरएनए. पण या नकलेत कामाच्या मजकुरामध्ये बिनकामाचे लांबलचक तुकडे येतात. पेशी ते कापून टाकते आणि उरलेली टोकं एकमेकांना जोडते. याला स्प्लायसिंग म्हणतात. मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मग मीच भीत भीत विचारलं, "म्हणजे लेससारखं का?"

"कसलं लेस?"

गाळ्यात लेसचं रीळ यायचं. त्यात फुलं, मग साधी जाळी, मग पुन्हा फुलं. बाळाच्या झबल्याला नुसती फुलं लावायची असली की मधली जाळी कापून फुलाला फूल जोडायचं. एक दोरा इकडे तिकडे कापला तर पुढची सगळी नक्षी सरकते आणि झबलं वाया जातं.

मॅडमनी खडू खाली ठेवला. त्यांच्याकडे पूर्वा नावाची विरारची मुलगी पीएचडी करत होती, तिला म्हणाल्या, "लिहून घे हे. तुझ्या प्रस्तावनेत याच्यापेक्षा बरं काही नाहीये."

"थँक्यू हां सुनंदाताई," पूर्वा म्हणाली, "माझी दोन वर्षं पाण्यात." पण तेव्हापासून लॅबमध्ये आम्ही सगळेच त्या कापण्याला 'कात्री' म्हणायला लागलो.

दुसरी गोष्ट भटक्या डीएनएची. गुलबक्षी सगळ्यांनी बघितलेली असते. दुपारी चारच्या सुमाराला उमलते. काही झाडांची फुलं पांढरी असतात आणि त्यांच्यावर राणी रंगाचे पट्टे, शिंतोडे, रंगपंचमी खेळून आल्यासारखे. ते पट्टे कशानं पडतात? तर डीएनएचे काही तुकडे एका जागी बसत नाहीत. उठतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. असा तुकडा पोथीतल्या रंगाच्या पानावर येऊन बसला की ते पान वाचता येत नाही, पाकळी पांढरी राहते. पाकळी वाढताना एखाद्या पेशीतून तो उठून गेला, की तिच्या पोटच्या सगळ्या पेशींना रंग परत मिळतो. तो पट्टा. लवकर उठला तर पट्टा रुंद, उशिरा उठला तर नुसता ठिपका. हे कळल्यापासून मी कुणाच्याही दारची गुलबक्षी सरळ नजरेनं बघू शकलेले नाही.

मॅडम मूळच्या वसईजवळच्या निर्मळच्या. मुंबईला शिकल्या, मग बरीच वर्षं परदेशात मक्याच्या दाण्यांतले असेच भटके तुकडे शोधत होत्या. आईचं दुखणं लांबलं म्हणून परत आल्या आणि इथेच राहिल्या. त्यांचे थोरले भाऊ इनासकाका अजून निर्मळला वाडी करतात. केळी, मोगरा, भाजी. त्यांच्या विहिरीजवळ गुलबक्षीचं एक वेगळंच झाड होतं, आणि त्याच्या बियांची मॅडमनी एक रांगच लावून घेतली होती. त्या फुलांवर पट्टे नाहीत, शिंतोडे नाहीत. थंडीत फुलं गडद राणी, मे महिन्यात फिकी, धुऊन धुऊन रंग गेल्यासारखी.

मॅडमनी शोधून काढलं होतं की या झाडातला भटका तुकडा अशा जागी बसलाय, जी नकलेतून कापूनच टाकली जाते. म्हणजे कात्री नीट चालली तर तो जाळीबरोबर निघून जातो आणि रंग येतो. कात्री चुकली की रंग गेला. आणि कात्री चुकते ती उष्म्यानं, असं मॅडमचं म्हणणं. चौदा वर्षं त्या हेच म्हणत होत्या. मोठमोठ्या ठिकाणचे शास्त्रज्ञ म्हणत, छे, रंग उन्हानं उडतो, कात्रीचा त्यात काही संबंध नाही. खरं कोणाचं ते ठरवायला एकच मार्ग होता. थंडीतल्या कळ्या आणि मेमधल्या कळ्या घ्यायच्या, दोन्हींतला आरएनए काढायचा, आणि कात्री कुठे चालली ते बघायचं.

कळ्या आणायचं काम माझं.

दुपारी दोन वाजता, उमलायच्या आधी, कळी चिमट्यानं तोडायची आणि त्याच क्षणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायची. तो इतका गार असतो की फुस्स आवाज होऊन कळी काचेसारखी होते. आत कात्री जिथे असेल तिथेच थांबते. उशीर केला तर कळी तोडलेली असली तरी जिवंत असते, आत काम चालूच राहतं. हे मॅडमनी मला सांगितलं होतं. पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

थंडीतल्या कळ्या पूर्वाच्या स्कूटरवरून आणल्या. मेमध्ये पूर्वा एका कार्यशाळेसाठी बाहेरगावी गेली आणि मी नायट्रोजनचं भांडं मांडीवर घेऊन शेअर रिक्षानं जायला लागले. त्याच्या झाकणातून पांढरी वाफ निघते. पहिल्याच दिवशी शेजारची बाई बिचकली.

"बाई, याच्यात काय हाय?"

"हवाच आहे, मावशी. गार केलेली."

"हवा कोन नेते भांड्यात?" ती म्हणाली आणि पुढच्या थांब्याला उतरून गेली. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

निर्मळच्या नाक्यापासून वाडीपर्यंत चालत जायचं. चौथ्या दिवशी, कळ्या तोडून गोठवून झाल्यावर, मला विहिरीच्या कट्ट्यापाशी चक्कर आली. डोळे उघडले तेव्हा इनासकाका टोपीनं वारा घालत होते आणि त्यांच्या बायको, रेजिनमावशी, माझ्या कपाळावर ओला पंचा दाबत होत्या.

"डोक्यावर काय नाय, पोटात काय नाय, आणि हातात धूर काढणारं भांडं," काका म्हणाले. "मी म्हटलं भूत आलं वाडीत."

"तुम्ही तिला घाबरवू नका आणखी," मावशी म्हणाल्या. "आजच्या कळ्या झाल्या ना तिच्या? मग उद्यापासून तिला कशाला उन्हात उभी करता? आपण मोगरा तोडतोच पहाटे. त्यातच हिची गुलबक्षी तोडून ठेवू."

फुलवाल्या घरांची एक रीत असते. ऊन चढायच्या आत कळी तोडायची, ओल्या केळीच्या पानात गुंडाळायची, वरून पाणी शिंपडून विहिरीच्या सावलीत ठेवायची. दुपारपर्यंत कळी जशीच्या तशी. त्याच रीतीवर त्या घराच्या तीन पिढ्यांचा मोगरा बाजारात पोचला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी गेले तर मावशींनी पान उघडून दाखवलं. कळ्या टवटवीत, वर थेंब. झाडावरच्या कळ्या उन्हानं माना टाकून बसलेल्या. मी शेतकऱ्याची पोर. मला वाटलं, याच जास्त ताज्या की!

आणि दुसरंही एक होतं. या परमुलखात कुणी माझ्यासाठी पहाटे उठून काही करून ठेवलेलं नव्हतं. ते नको म्हणायचं कसं?

मी पानातल्या कळ्या नायट्रोजनमध्ये टाकल्या. वहीत लिहिलं: 'दोन वाजता, झाडावरून, जागेवर गोठवल्या.' रोज तेच लिहायची सवय होती. वेगळं लिहिलं तर मॅडम विचारणार, मग चक्कर आल्याचं सांगावं लागणार, मग त्यांना वाटणार हिला झेपत नाही, मग त्या दुसरी बाई बघणार. माझं डोकं असंच धावतं, एका पावलात पार टोकाला. महिना संपेपर्यंत मी तसंच लिहीत राहिले.

एक दिवस मावशींनी चहासाठी थांबवून घेतलं. बोलता बोलता चार वाजले. पानात उरलेल्या कळ्या उमलल्या होत्या. गुलबक्षीच्या फुलाला लांब नळी असते, त्या नळ्या एकमेकींत गुंफून बिनदोऱ्याची वेणी होते. मावशींनी बघता बघता वेणी केली आणि माझ्या केसांत माळली. "पानातली बघ कशी रंगली," त्या म्हणाल्या. "झाडावरची तुमची फटफटीत." घरी येऊन मी आरशात बघितलं. राणी रंग होता, जानेवारीतल्यासारखा. छान दिसत होता. त्याच्यापुढे मी काही विचार केला नाही.

मध्येच एक गंमत सांगते, कारण पुढचं सांगायला मला जरा दम घ्यावा लागतो. त्या पावसाळ्यात लॅबमधलं बर्फाचं यंत्र बंद पडलं. आरएनएचं सगळं काम बर्फावर चालतं. दुरुस्तीवाला येईपर्यंत मी मासळीवाल्यांच्या बर्फाच्या कारखान्यातून पोत्यातून बर्फ आणायची. तिसऱ्या मजल्यावर बोंबलाचा वास सुटला. प्राचार्य पाहणीला आले, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "डॉक्टर, तुमचं काम फुलांवर आहे ना?" मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "होय सर. पण फुलांना सोबत लागते." पूर्वा फ्रीझरमागे जाऊन हसली.

सप्टेंबरात निकाल आले.

आरएनएपासून जे निघतं ते जेलीसारख्या पातळ वडीत घालून वीज सोडतात. मग निळ्या उजेडात रेघा चमकतात. कात्री बरोबर चालली असेल तर खाली एकच रेघ. चुकली असेल तर वर आणखी एक. जानेवारीच्या कळ्यांना एकच रेघ यायला हवी होती, तशी ती आली. मेच्या कळ्यांना दोन यायला हव्या होत्या.

"मॅडम, सेम टू सेम आहे," पूर्वा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मेमध्ये पण एकच. फक्त पहिले चार दिवस दोन रेघा आहेत. बाकी पूर्ण महिना एक."

मॅडमनी रेघा एकेक करून पुन्हा मोजल्या. "पहिले चार दिवस एकटीनं तोडताना सुनंदाचा हात बसला नसेल. ते सोडून देऊ." मग चष्मा काढून पुसला. "म्हणजे उष्म्याचा आणि कात्रीचा संबंध नाही. चुकले मी. तसं लिहायला पाहिजे आता."

रडणं नाही, आदळआपट नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःचंच चौदा वर्षांचं म्हणणं मागे घेणारा लेख लिहायला बसल्या. पुढच्या जूनमध्ये त्या निवृत्त होणार होत्या.

मी सिंकपाशी भांडी धूत होते. पहिले चार दिवस. पहिले चार दिवस तर मी स्वतः झाडावरून तोडल्या होत्या! आणि मला आरशातली ती वेणी आठवली. झाडावरची फटफटीत, पानातली राणी. ओल्या पानाच्या गारव्यात कळी आठ तास जिवंत होती, आणि आत कात्री थंडीतल्यासारखी नीट चालत होती. मी मे महिना म्हणून जे दिलं, तो मे नव्हताच. मॅडम बरोबर होत्या. खरे चार दिवस त्या टाकून देत होत्या आणि खोटा महिना ठेवत होत्या, कारण वहीत माझ्या अक्षरात तसं लिहिलेलं होतं.

दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी हे रिक्षा पुसत होते, तिथे जाऊन सगळं सांगितलं.

"सांगशील तर नोकरी जाईल तुझी," हे म्हणाले.

"नाही सांगितलं तर त्यांचं जाईल."

"त्यांचं काय जाईल? त्या तर रिटायर होऊन राहिल्या."

"तेच तर. त्यांच्यापाशी आता एकच मे उरला."

यांनी फडका पिळला. "बस मग. सोडतो तुला कॉलेजला." विरारहून वसईपर्यंत एक भाडंही न घेता नेलं मला.

मॅडम लिहीत होत्या. मी दारातच सुरुवात केली, कारण आत गेले असते तर पाय मागे फिरले असते. एका दमात सांगितलं. चक्कर, पहाट, पान, विहीर, वेणी, वही. त्या ओरडतील म्हणून मी खाली बघत होते. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"पान कुठल्या केळीचं? रुंद की अरुंद?"

"रुंद, मॅडम."

"पाणी विहिरीचं? किती वेळा शिंपडायची रेजिन?"

"दोनदा. कधी तीनदा."

"सहा ते दोन?"

"हो."

सगळं लिहून झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं आणि तेव्हा कुठे माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला अजून आठवतो. "मला फसवलंस ते एक वेळ सोडून देईन. वहीला फसवायचं नव्हतं, सुनंदा. जुलैत मी इथे नसेन. वही असेल."

मग त्यांनी ती वही उघडून माझ्यापुढे ठेवली. त्यांचा नियम होता, वहीतलं चुकलेलं पान फाडायचं नाही, खोडरबर लावायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी खरं लिहून सही करायची. मी एकेका दिवसावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: 'सकाळी सहाला इनासकाकांनी तोडल्या. ओल्या केळीच्या पानात. विहिरीजवळ सावलीत. दोनला गोठवल्या.' सही दर वेळी वेगळी आली.

मॅडमनी अर्धा झालेला लेख खणात टाकला. मला कामावरून काढलं नाही. पण मेपर्यंत कळ्यांना हात लावू दिला नाही, नुसत्या बाटल्या. ती शिक्षा मला बरोबर वाटली. आजही एक गोष्ट सलते. त्यांच्या शेवटच्या वर्षातले ते महिने नवीन काही शोधण्यात जायला हवे होते. ते माझी चूक निस्तरण्यात गेले.

काकांना हे सांगायला मॅडम मला घेऊन निर्मळला गेल्या. बहीणभाऊ त्यांच्या घरच्या बोलीत बोलले. मला त्यातलं फक्त माझं नाव कळलं, आणि काकांचा आवाज चढलेला कळला. मग ते माझ्याकडे वळून, माझ्यासाठी म्हणून शाळेतलं मराठी बोलले, "म्हणजे आमच्या घरानं नुकसान केलं, असंच ना?"

"नाही काका. मी केलं. तुम्ही माया केली."

काकांनी कोयता उचलला. केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू छाटायला निघून गेले.

मे आला. मॅडमनी सगळं नव्यानं आखलं होतं. झाडावरच्या कळ्या दोनला, चिमट्यानं, जागेवर गोठवायच्या. आणि त्याच झाडांच्या कळ्या सकाळी सहाला तोडून, मावशींच्या रीतीनं पानात ठेवून, दोनला गोठवायच्या. आदल्या वर्षी जो गोंधळ होता, तोच आता प्रयोग झाला होता. शिवाय एक अट. कुठल्या नळीत कुठली कळी हे फक्त मला माहीत असणार. पूर्वाला नाही, मॅडमनाही नाही. मी नळ्यांवर नुसते आकडे घालायचे आणि कुठला आकडा कुठल्या कळीचा याची किल्ली एका कागदावर लिहून पाकिटात बंद करायची. आपल्याला हवं ते आपण बघू नये म्हणून, असं मॅडम म्हणाल्या. ज्या बाईनं महिनाभर वहीत खोटं लिहून ठेवलं होतं, तिच्याच हातात त्यांनी किल्ली दिली. का, ते मी विचारलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

पहिल्या दिवशी दोन वाजता मी रांगेपाशी उभी राहिले. ऊन असं, की चिमटा हातमोज्यातून चटका देत होता. मागून पावलं वाजली. इनासकाका काळी छत्री घेऊन आले होते.

"काका, सावली नको! झाडांवर सावली पडली की सगळं..."

"कळतंय मला," ते म्हणाले. "झाडावर नाय धरत. तुझ्यावर धरतोय. तू काय गुलबक्षी हायस?"

पूर्ण महिना ते तशी छत्री धरून उभे राहिले. मी सरकले की सरकायचे, आणि सावली कळ्यांवर जायला लागली की स्वतःच ओरडायचे, "थांब, थांब, मागे हो!" मला एकदाही चक्कर आली नाही.

जूनच्या सुरुवातीला, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेले असताना, पूर्वानं शेवटची वडी उजेडावर ठेवली. खोलीत आम्ही तिघीच. मॅडमनी मला पाकीट फोडायला सांगितलं. "मी रेघा सांगते. तू किल्ली वाच. मोठ्यानं."

मी आठवीनंतर कुणापुढे मोठ्यानं काही वाचलं नव्हतं.

"एक नंबर," मॅडम म्हणाल्या. "एकच रेघ."

"पानातली," मी वाचलं.

"दोन नंबर. दोन रेघा."

"झाडावरची."

"तीन. दोन रेघा."

"झाडावरची."

"चार. एक."

"पानातली."

पाचव्या नंबरला माझा आवाज फुटला. सहाव्याला पूर्वानं माझा खांदा धरला. मॅडम मात्र थांबल्या नाहीत, शेवटच्या नळीपर्यंत त्याच आवाजात विचारत राहिल्या. एकही चुकली नाही. सगळ्या संपल्यावर त्या स्टुलावर बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"मॅडम, काहीतरी बोला ना," पूर्वा म्हणाली.

"पहिले चार दिवस," मॅडम म्हणाल्या. "सुनंदाचा हात पहिल्यापासून बसलेला होता."

लेख पुढे छापून आला, मॅडम निवृत्त झाल्यावर. तो इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही. पण त्यात 'ओलं केळीचं पान' असं कुठेसं लिहिलंय आणि ते कुठे ते पूर्वानं बोट ठेवून दाखवलंय. लॅब अजून चालू आहे, नवीन सर आहेत, मी अजून सात वेळा धुते. नवी मुलं आली की त्यांना ती रेघा मारलेली वही दाखवते. लाज वाटते, पण दाखवते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही रेघांचा फोटो घेऊन निर्मळला गेलो होतो. काकांनी तो हातभर लांब धरून बघितला.

"तीन पिढ्या आमचं घर फुलं पानात ठेवतंय," ते बहिणीला म्हणाले, "आणि पान काय करतं ते कळायला तुला चौदा वर्षं लागली."

"पंधरा," मॅडम म्हणाल्या.

चार वाजले. रेजिनमावशींनी सकाळची पानातली फुलं घेतली, झाडावरची नुकती उमललेली फुलं घेतली, आणि वेणी करायला बसल्या. एक गडद, एक फिकं, एक गडद, एक फिकं. एकाच झाडाची, मध्ये दोरा नाही. मॅडमचे केस आखूड, त्यात वेणी राहायची नाही. मावशींनी ती त्यांच्या मनगटाभोवती गुंडाळली. मॅडमनी मनगट उन्हात धरलं. एकेक फूल निरखलं. मग माझ्याकडे वळल्या.

"कधी तोडल्या या?"

"गडद सकाळी सहाला, फिक्या आत्ता," मी म्हटलं. "वहीत लिहिलंय, मॅडम."